तिसऱ्या मजल्यावरच्या बाईस

गॅलरीत टॉवेल झटकता झटकता तू खाली बघतेस.
एकच टॉवेल, गेले चार दिवस,
इतका वेळ.
मला दिसतेस.
मीही अशीच बघायचे, समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीतून,
गॅसवर दूध ठेवून.
दोनदा उतू गेलं.

म्हणून सांगते, नाव माहीत नसलं तरी.

मी एकोणपन्नास वर्षांची. तुर्भ्याच्या मार्केटात
कांदाबटाट्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिते.
लहानपणी घरी सायकल होती, भावाची.
तो नळीखालून कैची मारत शिकला,
मी मागून धावत शिकले
धावायला.
रविवारी चेन पुसायचं काम माझं,
हवा भरून आणायचं माझं,
हँडलला दळणाची पिशवी अडकवून
चालत न्यायचंही माझं.
बसायचं तेवढं राहिलं.
कुणी नाही म्हटलं नव्हतं, खरं सांगायचं तर.
विषयच निघाला नाही.

करावे गावची रेशम भोईर शिकवते इथे,
सीवूड्सच्या या रिकाम्या पार्किंगमध्ये, पावणेसहाला.
पहिल्या दिवशी तिने पान्याने दोन्ही पेडलं काढली
आणि माझ्या हातात दिली.
"पर्समंदी ठेव."
सीट इतकी खाली केली की गुडघे कानाशी.
"आता नुस्ती चाल. बसून चाल."
चालले, बदकासारखी.
वॉचमनने हसायला तोंड फिरवलं.
मी म्हटलं, मागून धरशील ना गं?
"नाय. मी धरली तं सायकल मना कलंल,
तुला नाय."

दिवसभर पर्समध्ये पेडलं वाजत राहिली.
पावतीपुस्तकाला ग्रीसचे डाग.

तिसऱ्या दिवशी पाय उचलले,
दोन्ही.
पेव्हर ब्लॉकच्या नऊ ओळी.
मोजल्या, कारण मोजण्याचीच सवय.
दहाव्या ओळीला दिव्याच्या खांबाची भीती वाटली,
भीतीने खांबाकडे बघितलं,
बघितलं म्हणून खांबालाच जाऊन भेटले.
"खाली काय परलाय तुजा? म्होरं बघ!
जिकरं बघशील, तिकरंच जाशील."

घरी सांगितलं, जिन्यात पडले.
रात्री खरं सांगितलं.
नवरा म्हणाला, या वयात?
सासूबाई कोपराला हळद लावता लावता म्हणाल्या,
किती लांब गेलीस?

पंख फुटतात वगैरे मी सांगणार नाही.
बूड दुखतं. पहिला आठवडा
गाळ्यावरच्या स्टुलावर नीट बसवत नाही.
डावीकडे वळता येतं,
उजवीकडे अजून उतरून वळवते.
पामबीच रोडवर मी गेलेली नाही,
तिथल्या गाड्यांचा मला विश्वास नाही
आणि त्यांना माझा.

पण परवा आतल्या रस्त्याने तळ्यापर्यंत गेले.
पेडलं केव्हाच जागेवर आली आहेत,
सीट दोन बोटं वर.
रोहित चिखलात चोची घालून उभे होते, दोन-तीनशे तरी.
मी ब्रेक दाबला, तो करकरला,
पाय टेकला, तो लटपटला.
एकानेही मान वर केली नाही.
काय बरं वाटलं म्हणून सांगू!
एवढी वर्षं ज्यांच्या बघण्याला भ्यायले,
तेही बहुतेक असेच
आपापलं खात असणार.

उद्या ये.
साडी चालते, निऱ्या जरा वर खोच.
ओढणी मात्र घरी ठेव, चेन खाते.
दूध ठेवलं असशील तर गॅस बंद करून ये.
हेल्मेट माझं घाल, थोडं सैल होईल,
आत रुमाल कोंबू.
तुझी उंची खालून नीट कळत नाही,
अंदाजाने सीट खाली करून ठेवलीय.
आणि टॉवेल वाळलाय गं केव्हाच.

हो, येताना
पर्स जरा मोठी आण.